कार्डाआधी रॅम तपासा: आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) काही महिने वापरल्यावर

आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड, १२ जीबीवालं, मृगाच्या आधी घरच्या पीसीत बसवलं, आता सुगी पण आवरली, तेवढ्या वापरावर लिहितोय. कार्ड चांगलंच आहे, त्यात वाद नाही. पण आमच्या पीसीचा अर्धा आजार रॅमचा होता आणि तो कसलंही कार्ड घालून गेला नसता, म्हणून आधी रॅमचं लिहितो. आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडची पोरं दुकानात जाऊन "गेम अडकतोय" एवढंच सांगतात आणि पंचवीस-तीस हजाराचं कार्ड घेऊन घरी येतात. ते पैसे कुणाच्याच घरी सहज आलेले नसतात, म्हणून हे बघून खरंच वाईट वाटतं.

पीसी असा: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक, जुनं कार्ड जीटीएक्स १६५० ४ जीबी, ४५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), साधा १०८०पी मॉनिटर. दिवसा मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कॅडवर ड्रॉइंग काढतो, रात्री घरच्या पीसीवर मी आणि धाकटा भाऊ आलटून पालटून बसतो.

त्रास सुरू झाला तो असा की गेम चालू असताना मधेच निळी स्क्रीन, कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट, कधी आयआरक्यूएल असं काहीतरी, दर वेळी वेगळं. भाऊ वैतागून म्हणायचा, "दादा, हे सारखं बंद होऊलालंय की!" दुकानात दाखवलं तर त्यांनी उघडून पण न बघता सांगितलं की कार्ड गेलंय, नवीन घाला. मला ते पटलं नाही, कारण कार्ड जायला लागलं की सहसा स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन दिसतात, नाहीतर ड्रायव्हर बंद पडून परत चालू झाल्याचा मेसेज येतो. दर वेळी एररचं नाव बदलत असेल, नुसतं क्रोम उघडं असताना पण पडत असेल, झिप फाईल सोडताना करप्ट म्हणत असेल, तर पहिला संशय रॅमवर घ्यायचा.

मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर घालून त्यावरून बूट केलं. हे विंडोजच्या बाहेर चालतं म्हणून ह्याचं उत्तर जास्त खात्रीचं, विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक बऱ्याचदा "काही सापडलं नाही" म्हणून मोकळं होतं. १६ जीबीला चारी पास (तपासणीच्या फेऱ्या) व्हायला काही तास जातात, त्यामुळं रात्री लावून झोपायचं, आणि आपल्याकडच्या लाईटीचा भरवसा नसतो म्हणून युपीएसवरच लावायचं. सकाळी बघतो तर खाली लाल ओळींची रांग लागलेली. इथं लोक थांबतात आणि दोन्ही स्टिक बाद धरतात, तसं करू नका. एक एक स्टिक सुटी लावून बघा, सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. पहिली स्टिक स्वच्छ गेली. दुसरीला एरर आले. मग तीच दुसरी स्टिक वेगळ्या स्लॉटमध्ये घातली, तरी एरर, एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारं बोर्डातलं सेटिंग) बंद करून २४०० वर चालवली तरी एरर. म्हणजे स्लॉट बरा, बोर्ड बरा, स्टिकच गेलेली. चांगली स्टिक पण ठराविक स्लॉटमध्येच एरर देत असती तर दोष बोर्डाचा किंवा प्रोसेसरच्या पिनांचा धरला असता, आणि नुसतं एक्सएमपीवरच एरर येत असते तर थोडा स्पीड कमी करून भागलं असतं, कारण एक्सएमपी म्हणजे एका अर्थानं ओव्हरक्लॉकच (मूळ वेगापेक्षा जास्त पळवणं), व्होल्टेज १.२ वरून १.३५ जातं.

स्टिक बाद ठरवायच्या आधी एक काम मात्र जरूर करा. पावसाळ्यात आपल्या घरांत भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथं रॅमच्या पिवळ्या पट्ट्या काळवंडल्या तर नवल काय. वायर काढायची, एसएमपीएसचं बटण बंद, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, स्टिक काढून मऊ पांढऱ्या खोडरबरनं हलकं पुसायचं, कण झटकायचे आणि दोन्ही बाजूला टक्क आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. ओळखीतल्या बऱ्याच जणांचे पीसी एवढ्यावरच सुरळीत झालेत.

स्टिक वॉरंटीत बदलून येईपर्यंत एकाच ८ जीबीवर चालवलं आणि त्यातून एक गोष्ट कळली. तेच कार्ड, तोच प्रोसेसर, पण व्हॅलोरंट गेममध्ये सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम बऱ्याच कमी झाल्या आणि मधे मधे झटके यायला लागले. हिशोब साधा आहे: डीडीआर४ ३२०० च्या दोन स्टिक ड्युअल चॅनलवर (दोन्ही एकदम चालल्यावर) सेकंदाला ५१.२ जीबी देऊ शकतात, एकटी स्टिक २४०० वर असेल तर १९.२ जीबी. किती घरांत अशीच १६ जीबीची एकच स्टिक, ती पण एक्सएमपी न लावता, वर्षानुवर्षं चालूलालीय! टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा, स्पीड दिसतो. ३२०० ची रॅम आणि तिथं २४०० किंवा २६६६ दिसत असेल तर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) जाऊन एक्सएमपी लावा, एक रुपया पण जात नाही. सीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका, तिथं निम्माच आकडा दाखवतात. आणि हे एकदा लावून विसरायचं काम नाही. लाईट फडफडून दोन-तीनदा बूट अर्धवट राहिलं की बरेच बोर्ड बायोस आपोआप मूळ सेटिंगवर नेतात, एक्सएमपी गुपचूप बंद होतं आणि मग "अचानक पीसी स्लो झाला" म्हणून बोंब. घड्याळ पण मागं जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला.

आता कार्ड. एक गैरसमज सगळीकडं आहे. १६५० असताना टास्क मॅनेजर जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) मेमरी १२ जीबीच्या आसपास दाखवायचा आणि भावाला वाटायचं आपल्याकडं १२ आहेच की. त्यातले ४ कार्डावरचे, बाकीचे ८ म्हणजे विंडोजनं गरज पडली तर वापरायला धरलेली आपलीच रॅम, विंडोज ती निम्म्यापर्यंत धरतं. ३०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी वेगानं चालते, आणि रॅममधून कार्डाकडं यायचा पीसीआयई ३.० चा रस्ता (पीसीआयई म्हणजे बोर्डावरचा कार्डाचा स्लॉट, लेन म्हणजे त्यातल्या वाटा) सोळा लेन असल्या तरी जेमतेम १६ जीबीचा. दुसरं रेल्वे गेट पडल्यावर बेळगावच्या टिळकवाडीत गाड्या तुंबतात तसं होतं, मागं कितीही मोठा रस्ता असू दे.

बी४५० घेतलेल्यांनी ह्याच मुद्द्यावर थांबून विचार करा, कारण हा बोर्ड पीसीआयई ३.० चाच आहे. आरटीएक्स ४०६०, आरएक्स ६६००, आरएक्स ७६००, नवीन ५०६०, ही सगळी ८ जीबीची आणि आठ लेनची कार्डं. मेमरीत मावतंय तोवर फरक जाणवत नाही, पण ८ जीबी भरून वर गेलं की जुन्या बोर्डावर आठच लेन म्हणजे रस्ता अजून निम्मा. २०२३ मध्ये लास्ट ऑफ अस हा गेम पीसीवर आला तेव्हाच ८ जीबी कार्डवाल्यांची काय दैना झाली ते सगळ्यांनी बघितलंय. ३०६० ला सोळा लेन आणि १२ जीबी, वर माझं ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडर पण एनव्हिडियाच्या कार्डातल्या कुडा कोअरवर चालतं, म्हणून मी तेच घेतलं. पण बॉक्सवर १२ जीबी लिहिलंय ते स्वतः वाचून घ्या. २०२२ च्या शेवटी ह्याच नावानं ८ जीबीचं पण काढलंय, त्याची मेमरी बस (मेमरीच्या रस्त्याची रुंदी) १९२ ऐवजी १२८ बिट आहे आणि ते बरंच हळू चालतं.

सेकंडहँड पण बघितलं होतं, बंगळूरच्या एसपी रोडवर भरपूर मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगमध्ये राबलेली कार्डं बाजारात आली. समोर बसून जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून दाखवत असतील आणि अर्धा तास गेम चालवू देत असतील तरच घ्या. कुरिअरनं मागवून परत करायची वेळ आली तर बेळगावातून कुणाच्या मागं लागणार? मी जीएसटी बिलावर नवीनच घेतलं.

इतक्या महिन्यांत काय दिसलं ते. रेड डेड २ आणि सायबरपंक १०८०पीला सेटिंग बऱ्यापैकी वर ठेवून निवांत चालतात, टेक्स्चर हायवर ठेवले तरी झटके नाहीत, हे १६५० वर स्वप्नात पण नव्हतं. डीएलएसएसचं (कमी रिझोल्यूशनवर चालवून चित्र एआयनं मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) २०२५ मध्ये आलेलं नवीन मॉडेल ह्या जुन्या कार्डावर पण चालतं आणि चित्र खरंच स्वच्छ दिसतं. फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम कार्डानंच बनवणं) मात्र एनव्हिडिया ४० सिरीजपासून पुढंच देते, इथं एएमडीच्या एफएसआर ३ वर भागवावं लागतं, ते पण गेममध्ये असेल तर. आणि व्हॅलोरंट? कार्डानं त्यात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. तिथं जी वाढ मिळाली ती दोन स्टिक आणि एक्सएमपीनंच दिली, कारण तो गेम सीपीयू आणि रॅमवर खेळतो. तुम्ही नुसतं व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळत असाल तर कार्डाचे पैसे खिशात ठेवा.

त्रास एकच, विजेचा. १६५० हे ७५ वॅटचं, वेगळी वायर पण लागायची नाही. ३०६० हे १७० वॅटचं, आठ पिनची वायर लागते. माझा ४५० वॅटचा एसएमपीएस नीट निभावतोय, पण ६०० व्हीए युपीएस म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅटच, गेम चालू असताना लाईट गेली की तो ओरडायला लागतो आणि सेव्ह करून बंद करण्यापुरताच वेळ मिळतो. लाईट सारखी जाणाऱ्या खेड्यातल्या घरी ११५ वॅटचं ४०६० घेतलं तरी मी नावं ठेवणार नाही. जुन्या घरात बोर्डाला अर्थिंग आहे का ते पण वायरमनकडून बघून घ्या, कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असंच समजा.

आज घ्यायचं असतं तर मी आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी बघितलं असतं, सोळा लेन, १६० वॅट, बी४५० ला अगदी जुळणारं, फक्त कॅड-ब्लेंडरवाल्यांनी एनव्हिडियाच बघावं. आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की खराब स्टिक कोपऱ्यात टाकून नवीन आणणं परवडत नाही. बऱ्याच कंपन्या रॅमला लांबलचक वॉरंटी देतात. जोडीचं कीट असेल तर बऱ्याचदा दोन्ही स्टिक मागतात, म्हणून त्या दिवसांत चालवायला कुणाकडून तरी ८ जीबी उसनी घेऊन ठेवा, मेमटेस्टच्या लाल स्क्रीनचा फोटो काढा आणि बिलाचा फोटो मोबाईलमध्ये आत्ताच टाका.