चाळिशीच्या आसपास हृदयाची तपासणी: टीएमटी, कॅल्शियम स्कोअर की सीटी अँजिओ?

दापोली, राजापूर किंवा कुडाळकडच्या माणसाला हृदयाची तपासणी करायची म्हणजे दिवस मोडतोच. ईसीजी गावाजवळ निघतो, टूडी इको तालुक्याला किंवा जिल्ह्याला होतो. हृदयाच्या चांगल्या सीटीसाठी मात्र अनेकांना आंबा घाट चढून कोल्हापूर, बांदा ओलांडून गोवा, नाहीतर रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागते. त्यामुळे ‘आधी एक करू, मग दुसरी बघू’ हे इथे परवडत नाही. जायचंच तर आपल्या प्रश्नाचं उत्तर देणारी तपासणी पहिल्याच फेरीत व्हावी.

आधी एक गोष्ट. छातीवर दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम, असं आत्ता होत असेल तर हा लेख वाचत बसू नका. पित्त समजून आमसुलाचं सरबत घेऊन सकाळची वाट बघण्यात माणसं गेली आहेत. १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघेल, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासलं जाईल अशा जवळच्या रुग्णालयात जा. इथली तुलना आहे ती विचार करायला वेळ असलेल्यांसाठी.

आणि तिशी-चाळिशीतल्यांनी हा विचार करायलाच हवा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांमध्ये पहिल्या हार्ट अटॅकचं सरासरी वय ५३ होतं. बाकीच्या देशांत ते जवळपास ५९ होतं.

ईसीजी आणि टूडी इको यांवर फार शब्द खर्च करत नाही. स्वस्थ पडलेल्या माणसाचा ईसीजी रक्तवाहिनीत मोठा अडथळा असतानाही नॉर्मल येऊ शकतो. इकोत हृदयाचं पंपिंग, झडपा, भिंतींची जाडी आणि हालचाल दिसते; रक्तवाहिन्यांच्या आत साचलेला चरबीचा थर दिसत नाही. जन्मजात दोष किंवा जाड झालेला हृदयाचा स्नायू ओळखायला इको उत्तमच, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तो करायलाच हवा. पण ‘इको नॉर्मल, म्हणजे ब्लॉकेज नाही’ असं समजू नका.

खरा सामना टीएमटी आणि सीटी अँजिओ (शिरेतून औषध सोडून सीटी मशीनवर काढलेली हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रं) यांचा.

टीएमटीत तुम्ही पट्ट्यावर चालता, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो, आणि ताणाखाली हृदयाला रक्त कमी पडतंय का ते ईसीजीवर बघतात. ही तपासणी स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही, आणि दम किती आहे, रक्तदाब कसा चढतो हेही कळतं. पण जुन्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब असा, की लक्षणीय अडथळा असलेल्या शंभरांपैकी साधारण ६८ जण ती पकडते. अडथळा नसलेल्या शंभरांतही सुमारे २३ जणांना ती उगाच पॉझिटिव्ह दाखवते, आणि स्त्रियांमध्ये हे जास्त होतं. तरुणांच्या बाबतीत मला त्याहून मोठी अडचण वाटते ती वेगळीच. टीएमटीला अडथळा दिसतो तो रक्त अडण्याइतका मोठा झाल्यावर. हार्ट अटॅक मात्र अनेकदा वाहिनी तीस-चाळीस टक्केच अडवणाऱ्या मऊ थराला चीर पडून त्यावर गुठळी बसल्याने येतो. असा माणूस टीएमटीवर झकास चालतो आणि निर्धास्त होऊन घरी येतो.

सीटी अँजिओ हा मऊ थरच दाखवते. स्कॉटलंडमधल्या ‘स्कॉट-हार्ट’ चाचणीत छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या तपासण्यांच्या जोडीला सीटी अँजिओ दिली. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक त्या गटात २.३ टक्के, दुसऱ्या गटात ३.९ टक्के. हा फरक मुख्यतः औषधांनी पडला असावा, कारण थर डोळ्यांनी दिसल्यावर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू करण्याला डॉक्टर आणि रुग्ण दोघंही तयार होतात. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये अशा तक्रारीसाठी सीटी अँजिओ ही पहिली तपासणी ठरवली. तरुणांचा आणखी एक फायदा म्हणजे त्यांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम कमी असल्याने चित्र स्वच्छ येतं. वाहिनी जन्मतः चुकीच्या जागेवरून निघाली असेल तर तेही कळतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कारण न सांगितल्याने माणसं घाबरतात. किडनी ठीक आहे का हे कळावं म्हणून आधी रक्तातलं क्रिॲटिनिन बघतात. नाडी साठीच्या आसपास यावी म्हणून मेटोप्रोलॉलसारखी गोळी देतात. दमा असेल तर हे आधीच सांगा. वाहिन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट किंवा तसा फवारा देतात, म्हणून सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतली असेल तर लाजू नका, सांगून टाका, नाहीतर रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. मग हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध जातं. घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब पसरते आणि कपड्यांतच लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. दहाएक सेकंद श्वास रोखायचा, आणि स्कॅन संपलं.

तोटेही आहेत. चांगल्या मशीनवर किरणोत्सर्ग साधारण २ ते ५ मिलीसिव्हर्ट असतो, म्हणजे निसर्गातून एक-दोन वर्षांत मिळतो तेवढा. जुन्या मशीनवर तो बराच जास्त. तरुण स्त्रियांनी हे तोलायला हवं आणि गर्भारपणाची शंका असेल तर आधी खात्री करायला हवी. शिवाय वाहिनी अर्धी-अधिक अरुंद दिसली तर रक्त खरंच कमी पडतंय का हे फक्त चित्रावरून ठरत नाही. तिथे स्ट्रेस इकोसारखी (हृदयाला ताण देऊन केलेला इको) तपासणी लागते.

कॅल्शियम स्कोअर ही तिसरी वाट. साध्या सीटीत हृदयाच्या वाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजतात: इंजेक्शन नाही, किरणोत्सर्ग सुमारे १ मिलीसिव्हर्ट, खर्च सीटी अँजिओपेक्षा बराच कमी. अमेरिकेतल्या ‘कार्डिया’ अभ्यासात ३२ ते ४६ वयाच्या सुमारे दहा टक्के लोकांत कॅल्शियम सापडलं, आणि त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका पाचपट होता. म्हणजे पस्तिशीत स्कोअर ५ आला तरी ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडायचा नाही. पण शून्य आला म्हणून सुटकाही नाही. कॅल्शियम साचायला वर्षं जातात. मऊ थर या तपासणीत दिसतच नाही. साठीच्या माणसाला शून्य जेवढा दिलासा देतो तेवढा अडतिशीच्या माणसाला देत नाही.

मग निवडायचं कसं? पाखाडी चढताना छाती भरून येते आणि थांबलं की उतरते, अशी तक्रार असेल आणि किडनी ठीक असेल, तर माझं मत सरळ सीटी अँजिओच्या बाजूने आहे. टीएमटीसाठी वेगळी फेरी घालू नका. तक्रार काहीच नाही, पण वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर सुरुवात रक्तापासून करा: लिपिड प्रोफाइल, साखर, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण). त्याचं प्रमाण अनुवंशिक असतं, आणि ते डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आलं तर डॉक्टरांचा सगळा हिशेब बदलतो. त्यानंतर, चाळिशीच्या आसपास, कॅल्शियम स्कोअर. तक्रार नसलेल्या तरुणांची सरसकट सीटी अँजिओ करावी असं प्रमुख मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत, आणि मलाही ते पटतं. तक्रार नाही, घराण्यात काही नाही, रक्तही ठीक, तर स्कॅनचे पैसे वाचवा. विडी, सिगारेट किंवा मशेरी चालू असेल तर ती सोडायला कुठल्याही अहवालाची वाट बघायची गरज नाही.

अहवालात ‘नॉन-कॅल्सिफाइड प्लाक, ३० टक्के’ (म्हणजे मऊ थर) असं आलं तर कुणी स्टेंटची घाई केली तरी थांबा. एवढ्यावर इलाज औषधांचा असतो. स्थिर रुग्णांत, अगदी मोठा अडथळा असतानाही, सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू आणि अटॅक कमी झाले नाहीत, असं ५,१७९ रुग्णांच्या ‘इस्केमिया’ चाचणीत २०२० मध्ये दिसलं. मुख्य डावी वाहिनी अरुंद असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे वेळ दवडू नये.

निघण्याआधी केंद्राला फोन करून विचारा: मशीन निदान ६४ स्लाइसचं आहे का, क्रिॲटिनिन त्यांच्याकडेच होईल की इथून करून न्यायचं, नाडी उतरेपर्यंत थांबायची सोय आहे का. परतताना छापील अहवालाबरोबर चित्रांची सीडी मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना पुन्हा स्कॅन करावं लागणार नाही.