समेरियम-लोहाच्या जाळीत पाहुणा कोणता: हायड्रोजन की नायट्रोजन?
दोन समेरियम (एक दुर्मिळ मृदा धातू) आणि सतरा लोह अणूंचं हे संयुग नुसतं असताना चुंबक म्हणून कच्चंच. सुमारे ११५ अंश सेल्सिअसला त्याचं चुंबकत्व मावळतं, आणि ते स्फटिकाच्या मुख्य अक्षावर उभं न राहता आडव्या प्रतलात पसरतं. कायमचुंबकाला हे चालत नाही.

हायड्रोजन इवलासा, अणूंच्या जाळीतल्या फटींत सहज शिरतो. जाळी फुगते, लोहाचे अणू एकमेकांपासून दूर सरकतात आणि चुंबकत्व जास्त तापमानापर्यंत टिकतं. पण दिशा आडवीच राहते, आणि तापवलं की हायड्रोजन बाहेर पडतो.

नायट्रोजनची गोष्ट वेगळी. १९९० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कोई आणि सुन या शास्त्रज्ञांनी तो या संयुगात भरून दाखवला. एका सूत्रामागे तीन अणू, समेरियमच्या अगदी शेजारी. आकारमान साधारण ६ टक्क्यांनी वाढतं, चुंबकत्व मावळण्याची मर्यादा ४७५ अंशांच्या आसपास पोहोचते. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं: शेजारच्या नायट्रोजनमुळे समेरियमभोवतीचं विद्युतक्षेत्र बदलतं आणि चुंबकत्व अक्षावर ताठ उभं राहतं.

म्हणून माझी पसंती नायट्रोजनलाच. मात्र तो कणाच्या पृष्ठभागावरून आत फार सावकाश झिरपतो. कण जाड असला तर गाभा कोराच राहतो. त्यामुळे भुकटी बारीक हवी. शिवाय ६०० अंशांपुढे हे संयुगच समेरियम नायट्राइड आणि लोह यांत मोडतं, म्हणून भट्टीत भाजून ठोकळा करता येत नाही. भुकटी प्लास्टिकमध्ये कालवून साच्यात घालावी लागते.