एकच गाडी, दोन डायनो: मुंबईतील दोन वर्कशॉपचा अनुभव

फोक्सवॅगन व्हर्टसच्या दीड लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची शक्ती कंपनी १५० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) सांगते. हा आकडा क्रँकशाफ्टवरचा, म्हणजे थेट इंजिनातून बाहेर पडणाऱ्या शक्तीचा आहे आणि हॉर्सपॉवरमध्ये तो सुमारे १४८ भरतो. डायनोवर, म्हणजे गाडीची चाके रोलरवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, मात्र गिअरबॉक्स आणि टायरमध्ये होणारी घट वजा जाऊन चाकांपर्यंत पोहोचलेली शक्तीच मोजली जाते. माझी ही गाडी मी अंधेरी आणि नवी मुंबईतील दोन वर्कशॉपमध्ये मोजून घेतली, तेव्हा दोन आकड्यांत जवळपास दहा टक्क्यांचा फरक निघाला.

अंधेरीचा डायनो इनर्शिया प्रकारचा आहे. त्यात जड रोलर किती झपाट्याने वेग घेतो यावरून शक्ती काढतात आणि मोजणी काही सेकंदांत आटोपते. नवी मुंबईच्या यंत्रात एडी करंट (विद्युतचुंबकीय) ब्रेक रोलरला विरोध करत असल्याने इंजिन ३,००० आरपीएमवर हवे तितका वेळ धरून ठेवता येते. बोरघाट चढताना पडतो तसा सलग भार टर्बोवर पडतो, आत जाणारी हवा तापते, आणि आकडा कमी आला तरी मला तोच अधिक विश्वासार्ह वाटतो.

तरीही सगळा फरक यंत्रांचा नव्हता. अंधेरीच्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘एसटीडी’ होते, तर दुसऱ्यावर ‘एसएई’. मोजलेला आकडा ठरावीक हवामानाला जुळवून घेण्याच्या या दोन पद्धती. पहिल्या पद्धतीत सुमारे १५.५ अंशांची थंड हवा गृहीत धरतात, दुसऱ्यात २५ अंशांची, शिवाय हवेचा दाबही थोडा कमी. त्यामुळे त्याच मोजणीचा आकडा एसटीडीत साधारण ४ टक्के जास्त दिसतो. मी विनंती केल्यावर अंधेरीच्या तंत्रज्ञांनी तीच मोजणी एसएईत छापून दिली आणि फरकाचा तेवढा भाग नाहीसा झाला. हे ग्राहकाला न विचारता सांगायला हवे.

कामाची शिस्त नवी मुंबईत निःसंशय सरस आहे. टायरमधील हवा तपासली, गाडी बांधणारे पट्टे स्वतः ओढून पाहिले, मोठा पंखा थेट इंटरकूलरसमोर (टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणारा भाग) लावला आणि ऑइल तापेपर्यंत मोजणी सुरूच केली नाही. अंधेरीत पंखा लहान असल्याने पुढच्या मोजण्यांत शक्ती घसरत गेली.

रिमॅप (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) करून घ्यायचे असल्यास नवी मुंबईला जावे आणि आधीची व नंतरची मोजणी तिथेच, त्याच गिअरमध्ये करून घ्यावी. केवळ एअर फिल्टर बदलल्याचा परिणाम पाहायचा असेल, तर अंधेरीही पुरेसे आहे. मात्र दोन्ही कागद एसएईतच मागावेत.