सोलर, पवनचक्की की ओढ्याचं पाणी?

‘घरच्या विजेसाठी सोलर घेऊ की पवनचक्की?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, जवळ बारमाही ओढा आहे का? असेल तर बाकीचं बाजूला ठेवा. सेकंदाला १० लिटर पाणी २० मीटर उंचीवरून पाइपने खाली आणलं, तर छोट्या टर्बाइनमधून साधारण १ किलोवॉट वीज मिळते. म्हणजे दिवसरात्र मिळून २४ युनिट. तेवढ्याच क्षमतेचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं. पाइपच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा मात्र पावसाळ्यात रोज काढावा लागतो.

पण ओढा किती जणांच्या नशिबी? म्हणून बहुतेकांना सोलरच. त्यातही गच्चीवर दुपारी एकदा उभं राहून पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते बघा. एका पॅनलच्या कोपऱ्यावरची सावलीसुद्धा उत्पादन बरंच खाली आणते. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, असंही नाही. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. २५ अंशांच्या वर ते तापलं की दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते.

आणखी एक गोष्ट विकणारे शेवटी सांगतात. बॅटरी नसलेलं साधं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं सोलर, लाइट गेली की भर दुपारीही बंद पडतं. सोलरची वीज लाइनमध्ये जाऊन तिथे काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र) मुद्दाम थांबतो. लाइट जाते म्हणूनच सोलर घेत असाल, तर बॅटरीचा खर्च आधीच धरा.

वाऱ्याचा हिशेब फसवा आहे. वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्शावर येते. २ मीटर व्यासाची पाती सेकंदाला ८ मीटरच्या वाऱ्यात ३०० वॉटच्या आसपास देतील, ४ मीटरच्या वाऱ्यात जेमतेम ३५-४०. त्यातून घरांना आणि झाडांना आपटून गच्चीवर येणारा वारा भोवरे खातच येतो. मोकळा माळ किंवा समुद्रकिनारा असेल, उंच खांब उभारता येत असेल तर विचार करा. एरवी ती हौस.

गोठा असेल तर बायोगॅस, पण स्वयंपाकापुरता. साधारण २५ किलो शेणातून १ घनमीटर गॅस निघतो, शिवाय उरलेली स्लरी, म्हणजे शेणाचा पातळ रबडा, खत म्हणून शेतात जाते. थंडीत गॅस कमी होतो.

आणि नुसतं आंघोळीचं पाणीच तापवायचं असेल, तर यातलं काहीच नको. सोलर वॉटर हीटर घ्या. उन्हातली निम्म्याच्या आसपास उष्णता तो थेट पाण्यात उतरवतो. पॅनलला वीज करताना २० टक्क्यांच्या आसपासच जमतं.