मॉडबस गेटवे, दिवाळीपासून आजपर्यंत: कुलूप उत्तम, पण शिळा आकडा ताजा म्हणून दाखवतो

दिवाळीच्या आधी आमच्या दूध प्लांटमध्ये हा गेटवे बसवला, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरचे आकडे मॉडबस नावाच्या भाषेत कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारा डबा. आता निम्मा पावसाळा सरला. पोर्ट किती, स्पीड किती हे सगळं ब्रोशरमध्ये आहे, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही देत नाही, कारण सर्व्हिसवाल्यांशी वाद अजून चालू आहे.

झालं असं, की पाश्चरायझरच्या पॅनेलकडून येणारी आरएस-४८५ ची (सिग्नलची) केबल ट्रेमध्ये उंदरांनी कुरतडली. स्काडाच्या (सगळा प्लांट दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) स्क्रीनवर होल्डिंग ट्यूबच्या, म्हणजे तापलेलं दूध ठरावीक वेळ गरम ठेवणाऱ्या नळीच्या, आउटलेटचं तापमान ७२.६ वर थांबलं. अलार्म नाही, टॅगचा (स्क्रीनवरच्या त्या आकड्याचा) रंग बदलला नाही, काही नाही. रात्रपाळीच्या ऑपरेटरला संशय आला तो दशांशानंतरच्या आकड्यावरून. चालू प्लांटमध्ये तो आकडा कधी स्वस्थ बसत नाही. तो उठून पॅनेलपाशी गेला, तिथे कंट्रोलर वेगळंच तापमान दाखवत होता.

दुधाला धोका नव्हता. ७२ अंशांना १५ सेकंद हे गणित सांभाळणारा फ्लो डायव्हर्शन व्हॉल्व्ह कंट्रोलरच्या रिलेला थेट वायरने जोडलेला आहे. तापमान घसरलं की तो दूध बॅलन्स टँककडे परत वळवतो, त्याला गेटवेची गरजच नाही. ही वायर काढून ‘सगळं नेटवर्कवर घेऊ’ असं कोणी सुचवलं, तर साफ नाही म्हणा. पण स्काडाच्या रेकॉर्डमध्ये सरळ रेषा उमटली ती उमटलीच. पॅनेलवर स्वतंत्र रेकॉर्डर होता म्हणून ती बॅच सुटली, नाहीतर क्यूसीने अडवली असती, आणि बरोबरच केलं असतं.

सर्व्हिस इंजिनिअरचं उत्तर: "सर, तो लास्ट व्हॅल्यू होल्ड करतो, डिझाइनच तसं आहे." हे मला अजिबात पटत नाही. गेटवेच्या पलीकडचं उपकरण उत्तर देत नसेल, तर काय सांगायचं हे मॉडबसमध्ये आधीच ठरलेलं आहे: एक्सेप्शन कोड ११. हा गेटवे मात्र स्वतःच्या मेमरीतला जुना आकडा बिनचूक उत्तर म्हणून पाठवतो. स्काडाला वाटतं लिंक ठणठणीत आहे. आकडा आला नाही तर माणूस धावपळ करतो, जुना आकडा आला तर निर्धास्त राहतो, आणि प्रोसेसमध्ये हेच सर्वांत वाईट.

इथवर लिहून मी एकच स्टार देणार होतो. पण मॅन्युअल पुन्हा चाळताना एक सेटिंग सापडलं. कम्युनिकेशन तुटल्यावर ‘होल्ड’, ‘झीरो’ की ‘एरर’, असे तीन पर्याय आहेत. ‘एरर’ केलं, केबल उपसून पाहिली, आणि स्काडावर टॅग लगेच लाल झाला. म्हणजे सोय आहे, फक्त फॅक्टरीतून ‘होल्ड’वर येते. त्यावर आणखी ताप असा, की फर्मवेअर अपडेट केलं की ते सेटिंग गुपचूप पुन्हा ‘होल्ड’वर जातं. हे मी स्वतः तपासलं. ‘झीरो’च्या वाटेला तर जाऊच नका, शून्य अंशाने सरासरी आणि ट्रेंड दोन्ही नासतात.

शिवाय पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) दर सेकंदाला एकाने वाढणारा काउंटर टाकला आहे. तो दहा सेकंद हलला नाही की स्काडा ओरडतो. खर्च शून्य, आणि गेटवेच्या सेटिंगवर भरवसा ठेवावा लागत नाही.

आता चांगलं, आणि ते खरंच चांगलं आहे. राइटसाठी, म्हणजे कंट्रोलरमध्ये आकडे लिहायला, पुढच्या बाजूला खरीखुरी किल्ली आहे. किल्ली ‘रीड’वर असली की फंक्शन ०६ आणि १६ (मॉडबसमधले लिहिण्याचे हुकूम) पलीकडे जातच नाहीत, पासवर्ड कोणाकडेही असो. मॉडबस १९७९ चा, त्याला ओळखपाळख विचारायची सवयच नाही. नेटवर्कच्या पोर्ट ५०२ वर जो येईल त्याचं तो ऐकतो, म्हणून ही किल्ली मला फार मोलाची वाटते. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल प्लांटच्या सेफ्टी कंट्रोलरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा त्याची किल्ली ‘प्रोग्रॅम’वर राहिली होती. आमच्याकडे किल्ली शिफ्ट इनचार्जच्या ड्रॉवरमध्ये असते आणि रजिस्टरवर सही केल्याशिवाय मिळत नाही.

किल्ली फिरवली तरी कोणत्या रजिस्टरमध्ये (कंट्रोलरच्या मेमरीतल्या कप्प्यात) किती ते किती लिहिता येईल, हे बांधून देता येतं. पाश्चरायझरचा सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) स्काडावरून ७२ च्या खाली टाकायला गेलं की गेटवेच नाकारतो.

तिसरी गोष्ट पैसे वाचवणारी. आकडा बदलला तरच गेटवे तो पुढे लिहितो. आमचं जुनं सॉफ्टवेअर तोच सेटपॉइंट दर सेकंदाला कंट्रोलरमध्ये लिहायचं. दिवसाला ८६,४०० वेळा. कंट्रोलरमधल्या ज्या ईईप्रॉमची (वीज गेली तरी आकडा जपणाऱ्या मेमरीची) हमी एक लाख राइटची, ती अशाने दोन दिवसही पुरत नाही. पूर्वी कंट्रोलर का मरायचे, ते आता कळलं.

एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) कोटेशन आलं आहे, जवळपास गेटवेच्या निम्म्या किमतीचं. त्यात फर्मवेअर अपडेट आहे, पण ‘होल्ड’चा दोष दुरुस्त करण्याचा शब्द नाही. मी सही केलेली नाही. तेवढ्या पैशांत चिलखती केबल टाकून घेतली, उरलेल्यात स्पेअर पॉवर सप्लाय आणला.

साडेतीन स्टार. फॅक्टरीतून ‘एरर’वर येईल त्या दिवशी साडेचार.