पुण्याहून नागपूर गाठायचं तर कोणता बँड? आठ महिन्यांचा अनुभव

हौशी (हॅम) रेडिओचं लायसन्स हातात पडल्यावर सगळ्यांसारखा मीही आधी 20 मीटर बँडवर (त्या लांबीच्या लहरींच्या पट्ट्यावर) गेलो. 14.074 मेगाहर्ट्झवर एफटी8 (कॉम्प्युटरवरून ठरावीक छोटे संदेश पाठवायची पद्धत) लावलं की संध्याकाळी इटली, जपान, इंडोनेशिया रांगेत उभे. ते कौतुक आठवडाभर टिकलं. मला हवे होते कोल्हापूर आणि नागपूर, आणि नेमके तेच दिसेनात. कोल्हापूर सरळ रेषेत 200 किलोमीटर, नागपूर 620. व्हीएचएफला (साधारण नजरेच्या टप्प्यात चालणाऱ्या लहरींना) हे लांब पडतं, आणि 20 मीटरचा सिग्नल बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यावरून पुढे जातो.

ऑक्टोबरपासून मुक्काम 40 मीटरवर. गच्चीवर मध्ये बांबू, दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार, मधली उंची जमिनीपासून सातेक मीटर. एवढ्या बुटक्या डायपोलला (दोन तारांच्या अँटेनाला) लोक हसतात. पण बुटका म्हणूनच तो सिग्नल जवळजवळ सरळ वर फेकतो आणि तो आयनोस्फिअरवरून (उंचावरच्या, रेडिओ लहरी परतवणाऱ्या थरांवरून) आसपासच्या चार-सहाशे किलोमीटरवर छत्रीसारखा खाली येतो. आईनं एकदा खालच्या टोकावर ओली गोधडी वाळत टाकली, तर एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली आहे त्याचा आकडा, 1 म्हणजे उत्तम) 1.3 वरून थेट 4 च्या वर! तेव्हापासून टोकाला लाल फडकं आहे.

सकाळी आणि दुपारी चारनंतर नागपूर 20 वॅटवर बिनबोभाट, सिग्नलचा रिपोर्ट उणे 10 डेसिबलच्या आसपास. भर दुपारी मात्र 40 मीटर मान टाकतो, कारण वातावरणातला डी थर सिग्नल खाऊन टाकतो. त्यावर 30 मीटरचा उपाय मला उशिरा सापडला. आपल्याकडे दुपारी आयनोस्फिअर इतका दाट असतो की सूर्याच्या तेजीच्या वर्षांत 10.136 वर कोल्हापूरसुद्धा मिळतं. युरोपातले सल्ले वाचून हे कळलं नसतं.

मध्यरात्रीनंतर 40 वरची जवळची स्टेशनं हरवतात. तेव्हा 80 मीटर. त्याची चाळीस मीटर तार गच्चीत मावेना, म्हणून कॉइल घालून आखूड केली. डिसेंबर-जानेवारीत झकास, एप्रिलपासून विजांच्या कडकडाटानं कान किटतात.

एफटी8 वर रिपोर्ट आणि 73 (म्हणजे शुभेच्छा) एवढंच, गप्पा नाहीत. त्यासाठी 7.078 वर जेएस8कॉल (एफटी8सारखीच, पण मोकळा मजकूर चालणारी पद्धत). रोमन अक्षरांत 'पाऊस आहे का तिकडे' विचारून उत्तर येईस्तोवर चहा होतो. तरी मला हाच आवडतो. एकदा दोन संध्याकाळी काहीच डीकोड होईना. केबल, रिग (रेडिओ सेट) सगळं उचकलं, आणि लॅपटॉपचं घड्याळ तीन सेकंद मागे निघालं; या पद्धतींना दोन्हीकडची घड्याळं जुळलेली लागतात.

बँड निवडण्याइतकाच छळ शेजारच्या एलईडी दिव्यांचा आणि सोलर इन्व्हर्टरचा. नॉइज (खरखर) रेडिओच्या सिग्नलमीटरवर कायम एस7. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की तो एस2 वर येतो. गल्लीतले सगळे वैतागून बाहेर येतात, आणि मी बॅटरी जोडून आत बसतो.