जुन्या स्विफ्टचे स्ट्रट-स्प्रिंग बदलून वर्ष होत आलं: माल बरा, पण बूट कुठाय?

पुढचा डावा स्ट्रट (चाक धरून ठेवणारं, आत तेल असलेलं शॉकअपचं नळकांडं) गळाला. वॉरंटीत होता. दुकानदाराने तो हातात घेतला, रॉडवरून नख फिरवलं आणि क्लेम नाकारला: "रॉडला ओरखडे आहेत, साहेब. बूट नीट नसणार." (बूट म्हणजे रॉडवरचं धूळ अडवणारं रबरी आवरण.) वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत तेच छापलंय, धूळ-चिखल आत गेल्यास जबाबदारी नाही. आणि ज्या खोक्यातून तो स्ट्रट निघाला त्यात बूट नव्हता, बंप स्टॉपर (मोठ्या खड्ड्यात धक्का झेलणारा रॉडवरचा ठोकळा) नव्हता. नळकांडं आणि एक नट, बस. कंपनीचं नाव घेत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. तेव्हा हा रिव्ह्यू स्ट्रटचा कमी आणि बुटाचा जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

गाडी पहिल्या पिढीची स्विफ्ट, पेट्रोल, मागाहून सीएनजी बसवलेली. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओकडून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतलेली. त्यामुळे हिशोब सरळ होता: कागद पाच वर्षं चालणार, तर सस्पेन्शननेही तेवढं चालायला हवं, पुन्हा रॅम्पवर चढायचं काम नको. पुढे दोन स्ट्रट, स्प्रिंगा, माउंटिंग, बेअरिंग. मागे दोन शॉकअप आणि स्प्रिंगा.

आधी स्प्रिंगांबद्दल. "शॉकअप बदला, स्प्रिंगला काही होत नाही" हे गॅरेजमधलं ठरलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यावर ठरतो. वर्षानुवर्षांत यातलं काही बदलत नाही. जाते ती उंची. पोलाद दबून दबून कायमचं थोडं बसतं. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग, स्ट्रट फक्त तिची उसळी आवरतो. म्हणून बसलेल्या स्प्रिंगवर कितीही महाग स्ट्रट घातला तरी गाडी खालीच राहते, रॉडला आत जायला जागा कमी उरते आणि प्रत्येक बऱ्यापैकी मोठ्या खड्ड्यात तो स्टॉपरवर आपटतो. नवा स्ट्रट लवकर गेला अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी स्प्रिंगची उंची मोजली होती का, ते विचारा.

मोजायची रीत सोपी आहे. सपाट फरशी, टायरमध्ये बरोबर हवा, गाडी रिकामी. चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज मधे येते. डाव्या-उजव्यात १० मिमीहून जास्त फरक निघाला तर स्प्रिंगांकडे बघायलाच हवं. आपल्याकडे बहुधा उजवी बाजू आधी बसते, कारण बराच काळ गाडीत एकटा ड्रायव्हर असतो. शिवाय पुढच्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा बोटाने चाचपा. तिथे चिखल साठतो, रंग उडतो, गंज लागतो आणि स्प्रिंग बहुतेक वेळा तिथेच तुटते. तुटलेला तुकडा कपात (स्प्रिंग ज्या वाटीत बसते तिच्यात) अडकून राहिला तर महिनोन् महिने कळत नाही, फक्त स्टिअरिंग वळवताना 'टक्' येतं.

मागची गोष्ट सीएनजीची. ६० लिटरची लोखंडी टाकी, स्टँड आणि भरलेला गॅस धरला की वजन ७० किलोच्या घरात जातं. दोन बाजूंना वाटलं तर प्रत्येकी ३५ किलो, म्हणजे साधारण ३४० न्यूटन. चाकाशी स्प्रिंगचा कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी धरला, तर नुसत्या टाकीने मागची बाजू १७ मिमी खाली जाते. डिकीत बॅग ठेवायच्या आधीच. यावर रस्त्यावरचा इलाज म्हणजे वेढ्यांमध्ये कोंबायचं रबरी बफर. ते घालू नका. ज्या दोन वेढ्यांत ते बसतं ते हलायचे थांबतात, सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर पडतो, आणि रबराखाली अडकलेली वाळू रंग खाऊन टाकते. पहिल्या दिवशी गाडी उचललेली दिसते एवढंच.

दुसरा मार्ग जाड तारेच्या स्प्रिंगांचा. इथे एक आकडा लक्षात ठेवा: कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिमीची तार १२.५ मिमी केली की स्प्रिंग जवळजवळ १८ टक्के कडक होते. "साहेब, अर्ध्या मिमीचाच फरक आहे" असं काउंटरवर ऐकू आलं तर तो अर्धा मिमी लहान समजू नका. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावताना रंगाच्या थराचं मापही मनात धरा, नव्या स्प्रिंगवर तो बराच जाड असतो.

या गाडीत मागे जाड तारेच्या बसवल्या. पहिले दोन महिने त्यांचं कौतुकच होतं: चार माणसं आणि भरलेली टाकी असतानाही गतिरोधकावर खालून लागणं बंद. आता ते मत थोडं उतरलंय. मागचा शॉकअप मूळ स्प्रिंगच्या हिशोबाने बनवलेला असतो. कडक स्प्रिंगची परतीची उसळी त्याला पूर्ण आवरत नाही. एकटा माणूस आणि संपत आलेली टाकी अशी गाडी पेव्हर ब्लॉकवरून नेली की मागचं टोक उड्या मारतं. रोज भरलेली गाडी चालत असेल तर जाड तार घ्या. ऑफिसला एकटे जाणार असाल तर नव्या, मूळ मापाच्याच स्प्रिंगा पुरतात. बसलेली उंची त्यांनीही परत मिळते.

पुढच्या स्प्रिंगांत प्रयोग करण्यासारखं काही नाही. चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढा. डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा जड इंजिनसाठी असतात; पेट्रोलला घातल्या की नाक वर येतं आणि गाडी होडी झाल्यासारखी दिसते. वेढा कापून बसवणाऱ्यांबद्दल लिहून वेळ घालवत नाही.

स्ट्रटमध्ये पर्याय तीन: कंपनीच्या खोक्यातला, बाजारातला नामांकित (गॅब्रिएल, मन्रो, केवायबी वगैरे), आणि रिफिल. रिफिल पुढे कदापि नको. नळकांडं कापून, कुठलं तरी तेल भरून पुन्हा वेल्डिंग मारलेलं असतं. स्ट्रटमधला मूळचा गॅस गेलेला असतो. आणि पुढचा स्ट्रट, म्हणजे मॅकफर्सन स्ट्रट, हा नुसता शॉकअप नाही, चाक त्यावर उभं असतं. ते वेल्डिंग हायवेवर सुटलं तर काय, याचा विचार करा. पहिल्या दोनांत चालवताना मला मोठा फरक वाटत नाही. पुण्यात नाना पेठेत दहा दुकानं फिरून भाव पाडण्यापेक्षा पक्कं बिल देणारं एक दुकान गाठा.

बसवताना बघायच्या गोष्टी. नवा स्ट्रट खोक्यात आडवा पडलेला असतो, आतल्या तेलात हवा शिरते. उभा धरून रॉड पूर्ण खाली-वर चार-पाच वेळा करा, मधला पोकळ झटका गेला पाहिजे. रॉड पकडीने धरायचा नाही, कापड गुंडाळूनही नाही. वरचा नट इम्पॅक्ट गनने मारला की रॉड आत गरगर फिरतो. ॲलन कीने रॉड धरून पान्यानेच आवळायचा. स्प्रिंगचं टोक खालच्या कपातल्या पायरीला टेकलेलं हवं, नाहीतर पहिल्या गतिरोधकावर स्प्रिंग फिरते. नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाचे) दोन बोल्ट काढायच्या आधी त्यांची जागा खडूने आखून ठेवा. भोकांतल्या ढिलाईनेही कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो. आणि मागच्या शॉकअपचा रबरी बुशातला बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच पूर्ण आवळा. लटकत्या अवस्थेत आवळला तर बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. अलाइनमेंट दोनदा करावं लागतं: लगेच एकदा आणि स्प्रिंगा बसल्यावर एकदा. दुसऱ्या वेळचे पैसे वाचवलेत तर ते टायरमध्ये जातात.

आता बूट.

मूळ बूट साच्यातला असतो. वरची कड माउंटिंगखाली दाबली जाते, खालची कड स्ट्रटच्या तोंडावर घट्ट बसते, मधे भाता. बाजारातला 'युनिव्हर्सल' बूट म्हणजे दोन्ही बाजूंनी सैल रबर. मिस्त्री वर केबल टाय मारतो आणि खाली तसाच सोडतो. चाक खाली लटकलं की बूट ताणून वर सरकतो, चाक वर आलं की गोळा होतो, आणि काही दिवसांनी वरच अडकून बसतो. खाली तीन-चार सेंटीमीटर रॉड उघडा. नेमका हाच भाग घातक, कारण गाडी साधी चालत असताना सीलमधून (स्ट्रटच्या तोंडाशी तेल अडवणाऱ्या रबरातून) सतत आत-बाहेर होणारा रॉडचा तुकडा तोच. त्यावर तेलाची पातळ साय असते, तिला धूळ चिकटते, पावसात चिखल बसतो, सुकतो, आणि पुढच्या खड्ड्यात सीलच्या ओठाखाली ओढला जातो. क्रोमवर उभे ओरखडे पडतात, ओठ फाटतो, तेल बाहेर. डावा आधी गेला यात नवल नाही, आपल्याकडे डावं चाक रस्त्याच्या कडेच्या चिखलातून चालतं.

म्हणजे दुकानदाराचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. चीड त्याचीच जास्त येते. बूट नसेल तर वॉरंटी नाही, हे कंपनीला माहीत आहे. मग स्ट्रटच्या मानाने किरकोळ किमतीची ही वस्तू खोक्यात का नाही? किमान खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापा तरी, की बूट आणि स्टॉपर वेगळे घ्या, पार्ट नंबर अमुक. मिस्त्री जुनाच बूट पुसून लावणार, हे या धंद्यात कोणाला ठाऊक नाही?

बंप स्टॉपरचीही तीच रड. तो बारीक छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा असतो. ओलसर हवेत वर्षानुवर्षं राहिला की आतून कुजतो. बूट वर केला तर हातात जुन्या खोडरबरासारखा चुरा येतो. तो नसेल तर मोठ्या खड्ड्यात पिस्टन थेट तळाच्या व्हॉल्ववर आदळतो. पण मिळेल तो स्टॉपर घालू नका. लांब निघाला तर रॉड लवकर टेकतो आणि गाडी दगडासारखी लागते. सुरुवातीला स्ट्रट कडक आहेत, असं या गाडीबद्दलही मत झालं होतं. मग रॉडवर बारीक केबल टाय बांधून, बूट पुन्हा लावून गाडी फिरवली. टाय साध्या गतिरोधकावरच स्टॉपरपर्यंत ढकलला गेलेला. स्टॉपर मूळ मापाचा घातल्यावर कडकपणाची तक्रार तिथेच संपली. स्ट्रटवर घेतलेला तो आक्षेप मागे.

बाकी सांगायचं तर काम पैसे वसूल आहे. ब्रेक मारल्यावर नाक खुपसत नाही, नव्या टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज दिसत नाही, घाटात वळणावर गाडी उशिरा सावरत नाही. गळणारा स्ट्रट खिशातून बदलला. यावेळी बूट, स्टॉपर आणि स्ट्रट एकाच बिलावर, पार्ट नंबरसकट, आणि चाक चढवायच्या आधी बूट बसलेला दिसेल असा फोटो काढून ठेवला. क्लेमचा अर्ज लेखी दिलाय, उत्तर नाही.

तुमच्या गाडीत बूट जागेवर आहे का, हे चाक न काढता बघता येतं. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, फ्लॅश लावून मोबाइल चाकामागून आत घाला आणि व्हिडिओ घ्या. बुटाची खालची कड स्ट्रटच्या तोंडावर दिसली पाहिजे. स्ट्रटच्या वरच्या भागावर धुळीचा ओलसर डाग चालतो. तेलाची ओली धार स्प्रिंगच्या कपाखाली उतरली असेल तर सील गेलं. पावसाळ्यात दर महिन्याला बघा, आणि कड वर सरकलेली दिसली तर त्याच दिवशी खाली ओढून क्लिप मारा.